उमय्या खिलाफत (इ. स. ६६१–७५०): वेतनाच्या यादीत नाव कोणाचे आणि कराचा बोजा कोणावर?

दफ्तरी

नमस्कार. उमय्या घराण्याविषयी मराठीत जे वाचायला मिळते ते बहुधा करबला आणि सिंधवरील स्वारी या दोन प्रसंगांभोवती फिरते. दोन्ही प्रसंग मोठेच आहेत. परंतु स्पेनपासून सिंधू नदीपर्यंत पसरलेले हे राज्य सुमारे नव्वद वर्षे कशाच्या बळावर चालले, त्याचा पैसा कोठून येत होता आणि कोणाच्या हाती जात होता, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. या राजवटीचे राजकारण समजून घ्यायचे असेल तर रणांगणाआधी तिची दिवाणाची वही, म्हणजे कर आणि वेतन यांची सरकारी नोंदवही, पाहावी लागते, असे माझे मत आहे. तेच येथे सविस्तर मांडतो.

ही वही उमय्यांनी सुरू केलेली नाही. दुसरे खलिफा उमर यांच्या काळात इराक, सीरिया आणि इजिप्त हे संपन्न प्रांत हाती आले, तेव्हा जिंकलेली जमीन सैनिकांत वाटून न टाकता ती मूळ कसणाऱ्यांकडेच ठेवावी, तिचा कर सरकारात जमा करावा आणि त्यातून अरब योद्ध्यांना ठरावीक वेतन द्यावे, असा निर्णय झाला. ज्यांनी इस्लाम लवकर स्वीकारला त्यांचे वेतन अधिक आणि मागाहून आलेल्यांचे कमी, अशी प्रतवारी ठरली. हे योद्धे गावोगाव विखुरले नाहीत. इराकमधील बसरा आणि कुफा, इजिप्तमधील फुस्तात अशा नव्या छावणी-शहरांत ते टोळीवार वसले. याचा अर्थ असा की, खेड्यातला बिगर-मुस्लिम शेतकरी कर देणार आणि शहरातला अरब मुस्लिम सैनिक त्यावर जगणार, अशी या राज्याची मूळ मांडणी होती. शेतकरी उद्या मुसलमान झाला तर काय करायचे, याचे उत्तर त्या मांडणीत नव्हते. पुढची शंभर वर्षे हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा उभा राहिलेला दिसतो.

मुआविया हा मक्केच्या कुरैश टोळीतील उमय्या कुळाचा. ६३९ च्या सुमारास, अमवासच्या साथीत त्याचा भाऊ दगावल्यावर, तो सीरियाचा सुभेदार झाला आणि खलिफा होईपर्यंत वीस वर्षे त्याने तो प्रांत बांधून काढला. चौथे खलिफा अली यांच्याशी ६५७ मध्ये सिफ्फीन येथे त्याची लढाई झाली आणि प्रकरण लवादाकडे गेले. लवाद मान्य करणे हेच पाप आहे असे म्हणत खारिजी बाहेर पडले. ६६१ मध्ये कुफ्यात अलींची हत्या झाली आणि अलींचे पुत्र हसन यांनी तडजोड केल्यावर मुआविया सर्वमान्य खलिफा झाला. राजधानी दमास्कसला गेली. सीरियातील कल्ब ही बलाढ्य टोळी त्याच्या पाठीशी होती. त्याची पत्नी मैसून त्याच टोळीतील, आणि त्याच्यामागून खलिफा झालेला यझीद हा तिचाच मुलगा. राज्याचा हिशेब मात्र सरजून बिन मन्सूर या ख्रिस्ती अधिकाऱ्याकडे होता व तो ग्रीक भाषेत लिहिला जात होता.

मुआवियाची सत्ता हुकमापेक्षा वाटाघाटीवर अधिक चालत असे. प्रांतोप्रांतींच्या टोळीप्रमुखांची शिष्टमंडळे दमास्कसला येत, त्यांचे ऐकून घेतले जाई, देणग्या दिल्या जात. इराकमध्ये मात्र त्याने झियाद हा कठोर सुभेदार नेमला. झियादने कुफ्याच्या टोळ्यांची चार विभागांत फेरमांडणी केली आणि प्रत्येक विभागावर आपल्या पसंतीचा प्रमुख बसवला. परंपरेने दिलेल्या आकड्यांनुसार त्याच्या काळी बसऱ्याच्या यादीत ८० हजार आणि कुफ्याच्या यादीत ६० हजार योद्धे होते. ६७१ मध्ये इराकमधील ५० हजार योद्धे कुटुंबांसह खुरासानात (इराणच्या ईशान्येकडील प्रांतात), मर्वच्या परिसरात पाठवले गेले, असे इतिहासकार सांगतात. हे आकडे गोल आहेत, त्यामुळे ते अक्षरशः घेऊ नयेत. तरी एवढी माणसे एका आदेशाने हलवता येत होती याचे कारण त्यांची नावे वहीत होती आणि पोट त्या वहीवर अवलंबून होते.

करबलाकडेही या बाजूने पाहावे, अशी माझी विनंती आहे. कुफ्यातील लोकांनी अलींचे दुसरे पुत्र हुसैन यांना पत्रे पाठवून बोलावले, मग ऐन वेळी शहर गप्प का बसले? अरबी इतिहासकार तबरी याच्या ग्रंथात याचे उत्तर सापडते. झियादचा मुलगा उबैदुल्ला कुफ्यात आला आणि वेतन वाटणाऱ्या मुकादमांना त्याने बोलावून घेतले. आपल्या गटातील परक्यांची व संशयितांची नावे लिहून द्यावीत, ज्याच्या गटात बंडखोर सापडेल त्या मुकादमाला त्याच्याच दारात सुळावर चढवले जाईल आणि त्या गटाचे वेतन बंद होईल, असे त्याने बजावले. हुसैन यांचे दूत मुस्लिम बिन अकील हे त्या शहरात एकटे पडले ते यानंतर. १० ऑक्टोबर ६८० रोजी करबलाच्या मैदानावर पैगंबरांचा नातू आपल्या मोजक्या साथीदारांसह मारला गेला. त्या दिवसाचे दुःख आजही जगभर पाळले जाते, आणि ते पाळले जाणे योग्यच आहे. परंतु कुफ्याच्या भीतीमागची यंत्रणा समजून घेतली नाही, तर त्या शहराला केवळ ‘विश्वासघातकी’ म्हणून सोडून देण्याचा अन्याय आपल्या हातून होतो.

मोहोर

धाग्याचा विषय फार चांगला निवडला आहे. माझा अभ्यास नाण्यांपुरता मर्यादित आहे. परंतु आपण वहीविषयी जे म्हणता ते नाण्यांवरही दिसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सुरुवातीच्या पन्नास-साठ वर्षांत या राज्याला स्वतःचे असे नाणे नव्हते. इराण आणि इराकमध्ये सासानी, म्हणजे इस्लामपूर्व इराणी राजघराण्याच्या, धर्तीचे चांदीचे दिरहम पाडले जात. त्यांच्यावर खुसरोचा मुखवटा आणि मागच्या बाजूस अग्निवेदी तशीच असे, आणि कडेला ‘बिस्मिल्लाह’ एवढेच अरबीत कोरलेले असे. सीरियात बायझंटाइन (पूर्व रोमन) धर्तीची नाणी चालत. मुआवियाने नवे सोने-चांदीचे नाणे पाडून पाहिले, पण त्यावर क्रूस नसल्यामुळे लोकांनी ते घेतले नाही, असे त्या काळाच्या जवळची एक सिरियाक बखर नोंदवते. राज्यकर्ता बदलला तरी बाजाराची सवय लगेच बदलत नाही, ती अशी.

पैगंबरांचे नाव नाण्यावर सर्वप्रथम आले ते उमय्यांच्या नव्हे तर त्यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने, हे फार थोड्यांना ठाऊक असते. यझीद ६८३ मध्ये वारल्यावर मक्केतील अब्दुल्ला बिन झुबैर यांना हिजाझ, इराक, इजिप्त, इतकेच नव्हे तर सीरियाच्या काही भागानेही खलिफा मानले होते. त्यांच्या बाजूच्या सुभेदाराने हिजरी ६६ मध्ये, म्हणजे ६८५–८६ च्या सुमारास, इराणातील बिशापूर येथे पाडलेल्या दिरहमवर ‘मुहम्मद अल्लाहचे प्रेषित’ हे शब्द आहेत. धर्माच्या नावाने अधिकार सांगण्याची ही पद्धत अब्दुल मलिकने (६८५–७०५) पुढे अंगीकारली आणि राजधोरण म्हणून अमलात आणली.

त्याच्या कारकिर्दीत प्रथम उभ्या खलिफाची आकृती असलेली नाणी निघाली. कमरेला तलवार, लांब केस, अंगात झगा असा तो खलिफा आहे. दोन-चार वर्षांतच तीही मागे घेण्यात आली आणि हिजरी ७७ मध्ये (६९६–९७) केवळ अक्षरे असलेला सोन्याचा दिनार आला. वजन ४.२५ ग्रॅम, म्हणजे बायझंटाइन सुवर्णनाण्याहून थोडे कमी. त्यावर ना राजाचे नाव, ना चित्र, केवळ ईश्वराच्या एकत्वाची वचने, पैगंबरांचे नाव आणि वर्ष. लगोलग दिरहमही त्याच धर्तीवर आले. पलीकडे कॉन्स्टँटिनोपलमध्ये दुसऱ्या जस्टिनियनने आपल्या सोन्याच्या नाण्यावर ख्रिस्ताची प्रतिमा आणली, तीही याच दशकात. एकाच पेठेत चालणारी ही दोन नाणी शेजारी ठेवली की दोन साम्राज्यांचा वाद डोळ्यांसमोर येतो.

त्याच्याच काळात जेरुसलेममध्ये उभारलेल्या घुमटाच्या वास्तूचा (‘डोम ऑफ द रॉक’) शिलालेख हिजरी ७२ चा (६९१–९२). त्यात ख्रिस्ती लोकांना उद्देशून ‘तीन म्हणू नका’ हे कुराणातील वचन आहे. नाणे आणि घुमट या दोन्हींमागे एकच धोरण आहे, असे मला वाटते.

सह्यवासी

दोन्ही प्रतिसाद वाचून समाधान वाटले. एक शंका विचारतो. उमय्यांच्या पतनाचे कारण म्हणून ‘कैस’ आणि ‘यमन’ या टोळ्यांचे वैर नेहमी सांगितले जाते. हे वैर अरबस्तानातून आलेले जुने कुलवैर होते, की राज्य आल्यावर निर्माण झालेले?

दफ्तरी

सह्यवासीजी, ज्या रूपात ते आपल्याला दिसते ते रूप राज्य आल्यानंतरचेच आहे. ६८४ मध्ये दमास्कसजवळ मर्ज राहित येथे लढाई झाली. कल्ब आणि त्यांच्या मित्रांनी उमय्या घराण्यातील मरवान बिन हकमला उचलून धरले होते, आणि कैस गटातील टोळ्या इब्न झुबैर यांच्या बाजूने होत्या. कैस गटाचा मोठा संहार झाला आणि त्या रक्ताचा हिशेब तीन पिढ्या चालला. परंतु खुरासानातला यमनी आणि सीरियातला यमनी यांना एकत्र आणणारी गोष्ट पूर्वजांची वंशावळ नव्हती. एका गटाचा सुभेदार आला की जुन्या सुभेदाराच्या माणसांना कैदेत टाकून त्यांच्याकडून पैसा वसूल करायचा आणि पदे आपल्या माणसांना द्यायची, ही रीत पडली होती. त्यामुळे सैन्यातील प्रत्येकाला कोणत्या तरी गटाच्या आश्रयाला जावेच लागले. मी याला सैन्यातील पक्ष म्हणेन. नावे टोळ्यांची असली तरी भांडण सुभे, वसुली आणि वेतन यांचे होते.

पारिजात

दफ्तरीसाहेब, धर्मांतर करणाऱ्यांचा विषय आपण सुरुवातीला काढला, पण पुढे सोडून दिलात. मला सर्वांत जास्त त्याच लोकांविषयी जाणून घ्यायचे आहे. जो मनुष्य नव्या धर्मात समतेच्या आशेने आला असेल, त्याला या राज्यात प्रत्यक्ष काय मिळाले? आणि जिझिया हा धर्मावरचा कर असेल, तर धर्म बदलल्यावर तो थांबत होता का?

दफ्तरी

पारिजातताई, हाच या धाग्याचा गाभा आहे, म्हणून सावकाश लिहितो.

अरब नसलेल्या मनुष्याला मुसलमान व्हायचे तर बहुधा एखाद्या अरब टोळीचा आश्रित व्हावे लागे. अशा आश्रिताला मौला म्हणत. यात युद्धकैदी म्हणून आलेले आणि नंतर मुक्त झालेले पुष्कळ होते, आणि खेडे सोडून शहरात आलेले शेतकरीही होते. कुराणाच्या दृष्टीने ते बरोबरीचे मुसलमान होते. वहीच्या दृष्टीने मात्र बहुतेकांचे वेतनावर नावच नव्हते, आणि असलेच तर कमी दराने. ६८५ मध्ये मुख्तारने कुफ्यात हुसैन यांच्या रक्ताचा सूड घेण्याच्या घोषणेवर सत्ता मिळवली, तेव्हा त्याने या आश्रितांना सैन्यात घेतले आणि वेतनात वाटा दिला. कुफ्याचे अरब सरदार त्याच्यावर उलटले त्यामागे हे एक मोठे कारण होते. आमचे आश्रित आम्हाला युद्धात मिळालेली मालमत्ता आहेत आणि तू त्यांना आमच्या उत्पन्नात भागीदार केलेस, अशा आशयाची त्यांची तक्रार तबरीने नोंदवली आहे.

अब्दुल मलिकचा इराकमधील सुभेदार हज्जाज (६९४–७१४) याच्या काळात हा प्रश्न उघड्यावर आला. शेतकरी मुसलमान होऊन बसऱ्याला येत, मागे जमीन पडीक राही आणि कर बुडे. हज्जाजने त्यांना पकडून आपापल्या गावी परत पाठवले आणि कर पूर्ववत बसवला. बसऱ्यातील धर्मनिष्ठ लोक हे पाहून रडले, असे वर्णन आहे. त्याच सुमारास इब्न अल-अशअसचे बंड उभे राहिले. सीस्तानच्या डोंगराळ मुलुखात पाठवलेली उत्तम सजवलेली फौज तेथूनच फिरून हज्जाजवर चालून आली, आणि तिला कुराणपठण करणाऱ्या विद्वानांची व मौलांची साथ मिळाली. ते बंड मोडल्यावर हज्जाजने कुफा आणि बसरा यांच्यामध्ये वासित हे नवे शहर वसवले आणि त्यात सीरियाचे सैन्य ठेवले. इराकच्या उत्पन्नावर सीरियाचे सैनिक पोसले जाऊ लागले, आणि ज्या इराकी अरबांनी साम्राज्य जिंकले होते तेच आता परकीय फौजेखाली आले.

जिझिया थांबत होता का, याचे एकच उत्तर सर्व प्रांतांना लागू होत नाही. ‘जिझिया’ आणि ‘खराज’ यांची डोईपट्टी आणि जमीन महसूल अशी स्वच्छ विभागणी नंतरच्या कायदेपंडितांनी केली. उमय्या काळात अनेक ठिकाणी गावावर किंवा शहरावर ठोक रक्कम ठरलेली असे आणि ती आपसांत वाटून घेणे स्थानिक प्रमुखांकडे असे. गावातील दहा घरे मुसलमान होऊन सुटली तर त्यांचा वाटा उरलेल्यांच्या माथी येई. त्यामुळे नवमुस्लिमांना कर लावत राहण्यात अरब सुभेदारांचा जितका स्वार्थ होता, तितकाच जुन्या इराणी जमीनदारांचाही होता.

उमर बिन अब्दुल अझीझ (७१७–७२०) या खलिफाने हे बदलण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. खुरासानात २० हजार मौला वेतन आणि शिध्याविना लढत आहेत आणि तितक्याच नवमुस्लिमांकडून कर घेतला जात आहे, अशी तक्रार त्याच्यापर्यंत पोहोचली. जो नमाज पढेल त्याच्यावरील कर उतरवा, असा हुकूम त्याने दिला. तेव्हा लोक केवळ कर चुकवण्यासाठी मुसलमान होत आहेत, त्यांची सुंता झाली आहे का ते तपासावे, असे सुभेदाराच्या बाजूने सुचवण्यात आले. यावर खलिफाचे उत्तर असे सांगतात की, ईश्वराने मुहम्मदांना लोकांना धर्माकडे बोलावण्यासाठी पाठवले, सुंता करण्यासाठी नाही. पण या खलिफाला जेमतेम अडीच वर्षे मिळाली. त्याच्यामागे खजिन्याची गरज तीच राहिली आणि वसुलीची जुनी पद्धत परत आली.

आपल्या प्रश्नाचा एक भाग उरतो. या लोकांना वहीत जागा नव्हती, पण विद्येत त्यांनी ती मिळवली. बसऱ्याचे हसन (मृत्यू ७२८) हे मैसान येथून पकडून आणलेल्या कैद्याचे पुत्र होते. मक्केतील अता बिन अबी रबाह, मदिनेतील नाफी हेही मौलाच. धर्मशास्त्र कोणाकडून शिकायचे असा प्रश्न पडला तर कुरैशांच्या मुलांनाही अशा माणसांच्या पायाशी बसावे लागत होते. वेतन नाकारणाऱ्या समाजाला अखेर त्यांच्याच अधिकारवाणीने धर्म शिकावा लागला, आणि माझ्या मते या शतकातील सर्वांत मोठे परिवर्तन ते आहे.

मोडी वाचक

मी गावगाड्याची जुनी कागदपत्रे वाचतो. त्यामुळे बखरीत काय आहे यापेक्षा प्रत्यक्ष वसुलीचा कागद काय म्हणतो इकडे माझे लक्ष जाते. सुदैवाने उमय्या काळाचे असे कागद इजिप्तमध्ये मिळाले आहेत. वरच्या इजिप्तमधील अफ्रोदितो या गावी १९०१ मध्ये पपायरसचा मोठा संग्रह सापडला. त्यात सुभेदार कुर्रा बिन शरीक (७०९–७१४) याने तेथील ख्रिस्ती अंमलदार बसीलियस याला पाठवलेली पत्रे आहेत. काही अरबीत, काही ग्रीकमध्ये आहेत आणि गावातला स्थानिक व्यवहार कॉप्टिक या इजिप्तच्या जुन्या भाषेत आहे.

या पत्रांतला कुर्रा बाकी का राहिली ते विचारतो, सैन्याच्या वेतनाची वेळ आली आहे म्हणून तातडी करतो, वसुलीत गरिबावर अन्याय होता कामा नये असे बजावतो आणि हयगय झाली तर शिक्षेची धमकी देतो. आरमारासाठी खलाशी आणि सामान मागतो. दमास्कसच्या मशिदीच्या आणि जेरुसलेममधील बांधकामासाठी कारागीर व त्यांचा शिधा मागतो. दमास्कसची ती भव्य मशीद खलिफा वलीदच्या (७०५–७१५) नावाने ओळखली जाते, पण तिच्या मजुरीचा एक हिस्सा नाईलकाठच्या एका ख्रिस्ती गावाने भरला आहे.

पळून गेलेल्यांविषयीची पत्रे मला सर्वांत बोलकी वाटतात. कर न झेपल्यामुळे माणसे गाव सोडून दुसऱ्या परगण्यात जात. त्यांना शोधा, त्यांची नावे आणि मूळ गावे लिहून पाठवा, आश्रय देणाऱ्याला दंड करा, असे हुकूम सुटत. पूर्वी मठातील साधूंना करमाफी होती, म्हणून काहीजण मठात जात. अब्दुल अझीझ बिन मरवान सुभेदार असताना साधूंवरही कर बसवण्यात आला. पुढे खलिफा हिशामच्या काळात वसुली अधिकारी उबैदुल्ला बिन अल-हबहाबने कर वाढवला, तेव्हा ७२५ मध्ये खालच्या इजिप्तमधील कॉप्टिक शेतकऱ्यांनी उठाव केला आणि तो सैन्य पाठवून मोडावा लागला. म्हणून मला वाटते की इराकच्या मौलांची कहाणी आणि इजिप्तच्या ख्रिस्ती शेतकऱ्याची कहाणी वेगळी काढू नये. दोघांच्याही मागे एकच वही लागलेली होती.

मनन

चर्चा उत्तम चालली आहे, पण एक आक्षेप नोंदवतो. आपण तबरीचा वारंवार आधार घेत आहात, आणि या काळासाठी दुसरा नेहमीचा आधार इतिहासकार बलाझुरीचा. बलाझुरी ८९२ मध्ये वारला, तबरी ९२३ मध्ये. दोघेही अब्बासी राजवटीत लिहीत होते. अब्बासींनी उमय्यांची सत्ता तर घेतलीच, पण त्यांची थडगीसुद्धा उकरली. त्यातून एक उमर बिन अब्दुल अझीझचे थडगे तेवढे सोडले. ज्या राजवटीने आपल्या पूर्वसुरींना अधार्मिक राजे ठरवले, तिच्या काळात लिहिलेल्या ग्रंथांतून उमय्यांचे न्याय्य चित्र कसे मिळेल? त्या एका उमरला संत आणि हज्जाजला राक्षस ठरवणाऱ्या कथांवर मी तरी एवढा विश्वास ठेवणार नाही.

दफ्तरी

मननजी, आक्षेप रास्त आहे. म्हणूनच नाणी आणि पपायरस यांचे प्रतिसाद या धाग्यासाठी मोलाचे आहेत. हज्जाजच्या तोंडी घातलेली भाषणे मी पुरावा मानत नाही. पण शेतकऱ्यांना गावी परत पाठवण्याची गोष्ट इराकपुरती बखरीत राहिली असती तर शंका घेता आली असती, आणि तेच धोरण इजिप्तच्या मूळ कागदांत दिसते तेव्हा ती मान्य करावी लागते. दुसरे असे की तबरीने स्वतःचे एकसंध कथन लिहिले नाही. कुफ्याच्या अबू मिखनफसारख्या आधीच्या कथनकारांचे वृत्तान्त त्याने शेजारी शेजारी ठेवले, परस्परविरोधी असले तरी. त्यामुळे उमय्यांच्या बाजूचे आवाजही त्यात टिकले आहेत.

त्यांची स्वतःची बाजू ऐकायची तर दरबारी कवींकडे जावे. जरीर, फरझदक आणि अब्दुल मलिकचा आवडता अख्तल, जो तगलिब टोळीतील ख्रिस्ती होता. त्यांच्या स्तुतिकाव्यात खलिफा हा ईश्वराचा प्रतिनिधी आहे, त्याच्यामुळे पाऊस पडतो. जॉर्डनच्या वाळवंटातील कुसैर अम्रा या स्नानगृहात तर भिंतीवर सहा राजे रंगवले आहेत. त्यांतील कैसर, खुसरो, हबशी नेगस आणि स्पेनचा रॉडेरिक यांची नावे वाचता आली आहेत. २०१२ मध्ये सफाई करताना तेथे वलीद बिन यझीदचे नाव मिळाले, म्हणजे हे काम तो युवराज असतानाचे, हिशामच्या कारकिर्दीतले. जगातील जुन्या राजांच्या पंगतीत आपणही आहोत असे या घराण्याला वाटत होते, हे त्यांच्या शत्रूंनी सांगितलेले नाही, त्यांनी स्वतःच भिंतीवर काढून ठेवले आहे.

सह्यवासी

सिंध आणि आपल्याकडचा दुवा कोणी काढला नाही, म्हणून मी जोडतो. मुहम्मद बिन कासिमची ७११–१२ ची सिंधवरील मोहीम ही हज्जाजने इराकमधून चालवलेली मोहीम होती, आणि तेथील ब्राह्मण व बौद्ध प्रजेला कर घेऊन संरक्षण देण्याची इराकचीच पद्धत लावण्यात आली. पुढे हिशामच्या काळात जुनैद आणि त्याच्यानंतरच्या सुभेदारांच्या फौजा गुजरातेत उतरल्या. नवसारीचा ताम्रपट कलचुरी संवत ४९० चा, म्हणजे इ. स. ७३८–३९ चा आहे. सैंधव, कच्छेल्ल, सौराष्ट्र, चावोटक, मौर्य आणि गुर्जर राजांना त्रस्त करून दक्षिणापथात शिरू पाहणाऱ्या ‘ताजिक’ (अरब) सैन्याचा लाटच्या (दक्षिण गुजरातच्या) पुलकेशी याने पराभव केल्याचे त्यात लिहिले आहे. त्याबद्दल बदामीच्या चालुक्य सम्राटाने त्याला ‘दक्षिणापथसाधार’ आणि ‘अनिवर्तकनिवर्तयितृ’ अशा पदव्या दिल्या. महाराष्ट्राच्या इतिहासात उमय्या साम्राज्याची सीमा येऊन थांबते ती येथे.

दफ्तरी

सह्यवासीजी, हा ताम्रपट आणल्याबद्दल मनापासून आभार. बलाझुरीच्या वृत्तान्ताशी तो जुळतो. हिंदच्या लोकांनी साथ सोडल्यामुळे मुसलमानांना आश्रयाला जागा उरली नाही, म्हणून सुभेदार हकमने अल-महफूझा हे छावणी-शहर वसवले, असे तो सांगतो. सिंधमधील मन्सूरा शहर वसवणारा अम्र हा मुहम्मद बिन कासिमचाच मुलगा होता.

त्या मुहम्मदचा शेवट तर या धाग्याच्या विषयाशी थेट जोडलेला आहे. सीस्तानच्या कैद्यांच्या कुळातला, तमीम टोळीचा मौला असलेला सालिह बिन अब्दुर्रहमान हा हज्जाजच्या दफ्तरात कारकून होता. इराकचा दिवाण फारसीतून अरबीत आणणारा मनुष्य तोच. आपल्या हातून हे होत नाही असे त्याने सांगावे म्हणून त्याला एक लाख दिरहम देऊ केले गेले होते, अशी कथा आहे, आणि त्याने ते नाकारले. त्याचा भाऊ आदम खारिजी मताचा होता आणि हज्जाजने त्याला ठार केले होते. ७१५ मध्ये सुलैमान खलिफा झाला, हज्जाजचा गट पदच्युत झाला आणि इराकची वसुली या सालिहकडे आली. सिंधहून बेड्या घालून आणलेला मुहम्मद वासितच्या तुरुंगात त्याच्या ताब्यात आला आणि छळ सोसून तेथेच मेला. आपल्याकडे या मृत्यूची कारणे पुष्कळ रंगवून सांगितली जातात. मला मात्र बलाझुरीचे हे साधे कारण पटते, कारण सुभेदार बदलला की जुन्याच्या माणसांचे काय होई ते वर लिहिलेच आहे.

पारिजात

मग शेवट खुरासानातूनच का आला? बंडे तर सर्वत्र होत होती.

दफ्तरी

बंडे सर्वत्र होत होती हे खरे. ७४० मध्ये उत्तर आफ्रिकेतील बर्बर उठले. ते मुसलमान होते, स्पेन जिंकणाऱ्या सैन्यात त्यांचाच भरणा होता, तरी त्यांना लुटीसारखे वागवले जात होते. त्यांना दडपण्यासाठी सीरियाच्या फौजा पाठवल्या गेल्या आणि त्यांतील कित्येक परतल्या नाहीत. हिशाम ७४३ मध्ये वारला, पुढच्या वर्षी दुसऱ्या वलीदची घराण्यातीलच लोकांनी हत्या केली आणि सीरियाचे सैन्य आपसांत लढू लागले. शेवटचा खलिफा मरवान कैस गटाच्या बळावर आला आणि त्याने राजधानी हर्रानला नेली. त्यानंतर दमास्कसचाही भरवसा राहिला नाही.

खुरासान वेगळे ठरले याचे कारण तेथे अरब आणि मौला यांच्यातील भिंत इतर ठिकाणांपेक्षा जास्त खचली होती. अरब वसाहतवाले तीन पिढ्यांत मर्वच्या खेड्यांत जमिनी घेऊन फारसी बोलू लागले होते, त्यांच्यापैकी अनेकांचे नाव वेतनाच्या यादीतून गेले होते आणि इराणी जमीनदार त्यांच्याकडूनही कर घेत होते. सुभेदार नस्र बिन सय्यारने चौकशी केली तेव्हा ३० हजार मुसलमान जिझिया भरत आहेत आणि ८० हजार बिगर-मुस्लिमांना तो माफ आहे, असे आढळल्याचे तबरी लिहितो. नस्रने ते दुरुस्त केले. पण तोपर्यंत अब्बासी प्रचारकांचे जाळे गावोगाव पसरले होते.

७४७ मध्ये अबू मुस्लिमने मर्वजवळ काळे निशाण उभारले. या मनुष्याचे कूळ काय, तो अरब की इराणी, हेही निश्चित नव्हते, आणि त्याने ते कोणाला सांगितले नाही. त्याच्याकडे आलेल्या माणसांचे वेतन ठरवण्यासाठी त्याने नवा दिवाण लिहायला बसवला. त्यात प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव आणि गाव लिहिण्याचा हुकूम होता. टोळीचा रकाना त्या वहीत ठेवला नव्हता. अरब आणि मौला एकाच यादीत, एकाच गावच्या नावाखाली आले. त्या यादीतील सैन्य ७४९ मध्ये कुफ्यात शिरले आणि जानेवारी ७५० मध्ये झाब नदीवर मरवानचा पराभव झाला. तो इजिप्तपर्यंत पळाला आणि त्याच वर्षी बूसीर गावी मारला गेला.